कच्च्या खर्ड्यातली खरी नावं

...कागदांची क्लिप उलटी लागली होती. लांब बाजू पुढे, आखूड मागे – आणि मी तर कायम लांब बाजू मागे लावते, बारा वर्षं, चार कादंबऱ्या... आंघोळ करून आलेल्या तिनं ओल्या हातांनीच गठ्ठा उचलला. एकेचाळिसावं पान जागच्या जागी होतं. तिला तेही संशयास्पद वाटलं.

तिची पद्धत ठरलेली. पहिला खर्डा पेन्सिलीनं, पाठकोऱ्या कागदांवर, आणि त्यात माणसांची नावं खरी. खोटं नाव दिलं की माणूस तोंडच उघडत नाही, पाहुण्यासारखा अवघडून बसतो. दुसऱ्या खर्ड्यात घरं आणि धंदे बदलायचे, तिसऱ्यात नावं, मग छापलेलं पुस्तक कुणीही खुशाल वाचावं. पहिला खर्डा मात्र फक्त तिचा. एकेचाळिसाव्या पानावर तिचं नाव होतं, नवऱ्याचं होतं, आणि सात वर्षांपूर्वीची ती दुपार – बॅग भरून ती घर सोडून निघाली होती, बस स्टँडपर्यंत गेलीही, आणि परतली ती नवऱ्याच्या ओढीनं नव्हे, गॅस बंद केला की नाही हे आठवेना म्हणून. त्याला आजतागायत पत्ता नव्हता. की आज सकाळपासून होता?

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. गिऱ्हाइकांना दिवसभर बारीक अक्षरं वाचायला लावणारा माणूस, त्याच्या नजरेतून काय सुटणार... चहा घेताना तो खिडकीबाहेर बघत होता. एरवी पेपर वाचतो.

"साखर कमी झालीय का?"

"नाही. ठीक आहे."

ठीक आहे म्हणजे काय? निघताना दारातून म्हणाला, "गॅस बघ हं, वास आल्यासारखा वाटला." हे तो नेहमीच म्हणतो... म्हणतो ना? चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून तिनं हसून पाहिलं, आणि दिवसभरात एक ओळ लिहिली नाही. मनातलं भांडण मात्र रंगात आलं – तो विचारेल, का गं? आणि मी सांगेन, सगळं सांगेन, दिवसभर परक्यांच्या डोळ्यांत बघायचात, घरी आल्यावर मान तरी वर करायचात का... संध्याकाळी त्याची चाहूल लागली तेव्हा तिनं केस नीट केले.

"अहो, माझ्या कागदांना हात लावलात?"

"वाऱ्यानं उडाले होते सगळे. नंबर बघून लावले."

"वाचलंत?"

"कच्चं आहे ना? तूच म्हणतेस, कच्चं वाचायचं नाही." तो चपला काढत होता. तो खोटं बोलत नव्हता. एवढ्या वर्षांनंतर तिला ते कळायचं.

खरं तर जीव भांड्यात पडायला हवा होता. तिला त्याचा संताप आला. हातात पान आलं, त्यावर दोघांची नावं, आणि तुमचा डोळा आकड्याखाली घसरलासुद्धा नाही?... मग दुसराच संशय आला, आणि तो त्याच्यावर नव्हता. सकाळी लिहून झाल्यावर क्लिप कुणी लावली नाही? खिडकी कुणी उघडी टाकली, तो उठायच्या वेळेला?

आत तो हात धूत होता. सकाळपासून मनात जे वाट बघत होतं त्याला ती भीती म्हणत आली होती. ते आता थांबलं, आणि तिला फार एकटं वाटलं.