दीड इंचाला एक सूत कमी

गेल्या मंगळवारी मला कायमचे पुसून टाकण्यात आले. तसे काहीही झालेले नाही, तुम्ही वाचावे म्हणून म्हटले. मित्रांनो, मी मिनेसोटातल्या एका विद्यापीठाच्या गणित विभागातली एक जुनी फाईल आहे आणि माझी प्रकृती उत्तम आहे.

माझा जन्म १९९४ चा. ऑरिन ट्वेट नावाच्या विद्यार्थ्याने मला लिहिले. आमच्याकडे प्रबंध लेटेकमध्ये करतात. म्हणजे लिहिणारा मजकुरात नुसत्या खुणा करत जातो, हे प्रकरण, हे समीकरण, आणि पान यंत्र सजवते. ते कसे सजवायचे, हे यंत्राला मी सांगते. समास किती, दोन ओळींत अंतर किती, सगळे माझ्या पोटात. पदवी घेऊन जाताना प्रत्येक जण मला पुढच्याच्या हाती देई. असे एकेचाळीस प्रबंध मी सजवले. त्यांच्या ऋणनिर्देशांत आईवडील आहेत, कुत्री आहेत, एकात बर्फ उपसायचे फावडेही आहे. मी कुठेच नाही.

पण टक्क्याच्या चिन्हापुढे लिहिलेले यंत्र वाचत नाही, फक्त माणसे वाचतात. तिथे ती माझ्याशी बोलत. समासातून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वजा करणारी एक ओळ माझ्यात आहे. तिच्याशेजारी या टिपा आहेत.

'ही ओळ काढू नका. कारण विचारू नका. ऑरिन.'

'काढली. परत घातली. १९९९.'

'मीही. २००६.'

माझा एकेचाळिसावा प्रबंध लिहिणाऱ्या टेस कोवालचिकनेही ती ओळ काढली. सरोवरावरचा बर्फ कुठे तडकेल याच्या गणितावर तिचा प्रबंध होता, त्यामुळे बिनकारणाची ओळ तिला सहन होईना. सोमवारी टक्सनला तिची नोकरी सुरू व्हायची होती. त्यासाठी शुक्रवारी चारच्या आत मार्लिस हॉगेन यांचा शिक्का हवा होता. नाहीतर नोकरी दुसऱ्याला.

मार्लिसबाई पदव्युत्तर कचेरीत प्रबंधांचे समास मोजत. नियम दीड इंचाचा, कमी नाही, जास्त नाही. सत्तावीस वर्षे एकच लाकडी पट्टी. टेस पोचली तेव्हा तीन वाजले होते. मी तिच्या काखेतल्या लॅपटॉपमध्ये होते.

"एक सूत जास्त," बाई म्हणाल्या.

"शक्यच नाही. मी मोजलंय, हे बघा." टेसने स्टीलची पट्टी काढली.

"छान आहे गं. पण ती या ऑफिसची नाही ना, पोरी."

टेसने लाकडी पट्टी डोळ्यांजवळ धरली. "मार्लिस, हिला सुरुवातच नाहीये! शून्य कुठे गेलं?"

"त्र्याण्णवच्या हिवाळ्यात गाडीच्या काचेवरचा बर्फ फोडला होता हिने. तिथेच राहिलं असेल. आणि शून्यावाचून काय अडलंय? मी कधी शून्य इंच मोजतच नाही."

"अहो, म्हणजे आजवरचे सगळे प्रबंध चुकलेत!"

"सगळे बरोब्बर दीड इंच होते. तुझ्यासारखे हट्टी आधीही आलेत, गेले गुपचूप दुरुस्त करून. तू पळ आता. साडेतीननंतर तो प्रिंटर रुसतो."

टेस जिन्यातच बसली. ओळ परत घातली. यंत्र दोनदा चालवले, कारण अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे दुसऱ्या फेरीतच जुळतात; पहिल्या वेळी तिचा कशावरच विश्वास बसत नाही. दोनशे दहा पाने छापली. तीन छप्पन्नला पट्टी पुन्हा कागदावर टेकली.

"दीड इंच," बाई समाधानाने म्हणाल्या. "बघ, मनावर घेतलं की जमतं." शिक्का बसला. वर घरच्या लेमन बारचा, म्हणजे लिंबाच्या गोड वडीचा, एक तुकडा मिळाला.

त्या संध्याकाळी टेसने माझ्यात लिहिले, 'पट्टीचं टोक तुटलंय. बाईंना दुखवू नका.' मग तिने टेबल आवरले. टक्सनहून तिने मला पुन्हा उघडले नाही. कशाला उघडेल? माझे काम नीट झाले की माणूस जातो, आणि माझे काम एकेचाळीस वेळा नीट झाले.

पुढच्या वसंतात मार्लिसबाई निवृत्त झाल्या. पट्टी त्यांनी बरोबर नेली. आता समास संगणक मोजतो आणि तो शून्यापासून सुरुवात करतो. बेचाळिसावा प्रबंध त्याने तत्काळ परत पाठवला. एक सूत कमी. मग विभागाने नवा साचा आणला. तो अगदी अचूक आहे. त्याच्यात टक्क्याचे चिन्ह एकही नाही.

मित्रांनो, जुनी फाईल पुसण्याआधी एकदा उघडून वाचा. तिथे कुणीतरी कुणासाठी तरी काहीतरी लिहून ठेवलेले असते.

सबब, पदव्युत्तर कचेरीस सविनय विनंती की, खऱ्या मापाने माझे एकेचाळीसही प्रबंध एक सूत चुकीचे आहेत याची नोंद घेण्यात यावी, आणि ऑरिन ट्वेट ते टेस कोवालचिक अशा सर्व पदवीधरांना दुरुस्तीसाठी समक्ष बोलावण्यात यावे. येताना लॅपटॉप आणावा. मुदत शुक्रवार, दुपारी चार. मुदत कितीही वाढवल्यास माझी हरकत नाही.