बाटलीपुरतं औषध

पाणीवाल्याचं डोकं सकाळी सातलाच तापायचं. गावाचा नळ सोडला की पाचव्या मिनिटाला तक्रार हजर.

"आज पुन्हा औषधाचा वास! प्यायचं कसं हे पाणी?" यात शिंपीणबाई सगळ्यांच्या पुढे. वैतागून घरी यावं, तर म्हातारी आई म्हणायची, "तुझं पाणी प्यायलं की दवाखाना प्यायल्यासारखं वाटतं मेलं!"

टाकीत ब्लीचिंग पावडर टाकावी तर गाव खायला उठतं, न टाकावी तर नर्सबाई झाडतात. इकडे आड, तिकडे विहीर! त्यात टाकीच्या शिडीला बावन्न पायऱ्या, आणि त्याचे गुडघे कुरकुरणारे.

शेवटी त्याने अक्कल चालवली. तपासणीचा माणूस महिन्याच्या पहिल्या सोमवारी नमुन्याची बाटली भरून न्यायचा. पावडर टाकायची ती त्याच पहाटे. बाकी महिनाभर गाव खूश, आई खूश, गुडघेही खूश. अहवाल यायचा, 'पिण्यास योग्य'. ते कागद त्याने पंपाच्या खोलीत खिळ्याला अडकवले होते, आणि खरं सांगायचं तर त्याला त्यांचा अभिमानसुद्धा वाटायचा!

मग एका आठवड्यात चौदा जणांना जुलाब लागले. पंधरावी त्याची आई.

नर्सबाईंनी घरी येऊन आईला सलाईन लावलं. मग हंड्यातलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेऊन तपासणीच्या द्रावाचे दोन थेंब टाकले. पाण्यात औषध असतं तर ते पिवळं झालं असतं. ते जसंच्या तसं राहिलं.

"पावडर कधी टाकलीत?"

"सोमवारी."

"कुठल्या सोमवारी?"

तो एकदम उसळला, "अहो, लोकांनाच नकोय! वासापायी रोज शिव्या खातो मी!"

"बाटली पाणी पीत नाही हो, माणसं पितात!" नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "हंडा भरून वर फडकं टाकून तासभर ठेवला की वास निघून जातो. सांगितलंत कधी कुणाला?"

"नाही."

"आणि कुणी विचारलं?"

"नाही."

"छान! सांगणारा मुका, ऐकणारे बहिरे, आणि भोगतेय ही म्हातारी!"

आईने डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते. "पाणी दे रे," ती पुटपुटली.

त्याने पेला उचलला, हंड्यापाशी गेला आणि तिथेच थांबला. आपणच सोडलेलं पाणी आपल्याच आईला पाजायची त्याची छाती होईना! नर्सबाईंनी पिशवीतली उकळलेल्या पाण्याची बाटली पुढे केली, तेव्हा त्याला रडू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई थोडी सावरली होती. तो पहाटेच बावन्न पायऱ्या चढला, पावडर टाकली आणि सातला नळाशी उभा राहिला. पहिली तक्रार व्हायच्या आत त्याने सगळ्यांना सगळं सांगून टाकलं, स्वतःची लबाडीसुद्धा.

शिंपीणबाईंची मुलगी अजून अंथरुणात होती. "म्हणजे माझी पोरगी तुमच्यामुळे..." त्यांचा आवाज चढला.

"हो, माझ्यामुळे."

बाईंना शिव्या द्यायच्या होत्या. पण त्यांची नजर हातातल्या हंड्यावर गेली. "आणि मी रोज भांडले ते वासासाठी!" एवढंच बोलून त्यांनी हंडा नळाखाली धरला.

मंडळी, तक्रार करण्याआधी एकदा विचारावं, आणि ज्याच्या हाती नळाची चावी आहे त्याने न विचारताही सांगावं. अहवाल शुद्ध आला म्हणून कुणाच्या पोटात शुद्ध पाणी जात नाही!