चौथा झरा

डोंगरावर झरे अकरा होते. सात बारमाही, तीन फाल्गुनापर्यंत टिकणारे आणि एक नुसती ओल धरून राहणारा. जेमा सिंकूने दोन वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, पाच लिटरची बादली आणि मनगटावरचं घड्याळ घेऊन ते मोजले होते. चौथ्या झऱ्यावर भर चैत्रातही बादली बावीस सेकंदांत भरायची. कुदाहातू गावाच्या एकशे बारा घरांपैकी शहाण्णव घरं त्याच झऱ्यावर पाणी भरत. वहीत ती त्याला 'चौथा' एवढंच लिही. त्याचं नाव तिला ठाऊक होतं, पण ते कागदावर उतरवायचं नसतं.

येऊ घातलेल्या खाणीच्या अहवालात झरे शून्य होते.

चाईबासाच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन आलेल्या जेमाने तो तीनशे पानांचा अहवाल दोनदा वाचला, तेव्हा कुठे तिला चूक सापडली. आदल्या वर्षी पाहणीवाले घरोघर आले होते. पाणी कुठून आणता, असं त्यांनी विचारलं आणि एकशे बारा घरांनी एकच उत्तर दिलं: हातपंपावरून. हातपंप तीन वर्षं गंजून पडला होता. पण झऱ्याचं पाणी जो प्यायला नाही त्याला झऱ्याचं नाव आणि वाट सांगायची नाही, ही गावाची रीत. पाणी पाजणं हीच ओळख. पाहणीवाले आपापल्या बाटल्या घेऊन आले होते, कुणाच्या ओसरीवर घोटभरही प्यायले नाहीत. म्हणून त्यांना हातपंप सांगितला गेला. आपण खोटं बोललो असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आता जनसुनावणी चार दिवसांवर होती. तिथे चौथा झरा नोंदला गेला, तर खाणीची हद्द त्याच्यापासून दूर सरकवावी लागणार होती. नाही तर खोदकाम थेट त्याच्या डोक्यावर सुरू होणार होतं.

गावाचा देउरी, म्हणजे पूजा करणारा, तुराम सिंकू. जेमाच्या वडिलांचा काका. ती त्याच्याकडे गेली तेव्हा तो साल झाडाच्या पानांचे द्रोण टाचत बसला होता.

"आजा, या वेळी खरं सांगून टाक."

"सांगेन की. त्यांनी आधी पाणी प्यावं."

"ते नाही प्यायचे."

"मग त्यांना तहान नाही. तहान नसलेल्याला झरा कशाला दाखवू?"

"त्यांना झरा नकोच आहे. झऱ्याखालचा दगड हवाय."

तुरामने काडी दातांत धरली आणि पुढचं पान घेतलं.

सुनावणी शाळेच्या मैदानात मांडवाखाली झाली. जेमाने सात मिनिटं आकडे वाचले. मधल्या खुर्चीतल्या अधिकाऱ्याने ते नीट ऐकून घेतले. नोंदी चांगल्या आहेत, तो म्हणाला, पण यात नाव नाही, जागा नाही आणि गावाने अंगठे उठवलेल्या पाहणीत हातपंप लिहिलाय. गावातल्या जबाबदार माणसाने नाव आणि जागा सांगावी, मी लगेच लिहून घेतो.

तुराम उठला. दुधी भोपळ्याच्या तुंब्यातून त्याने झऱ्याचं पाणी आणलं होतं. टेबलावर तीन द्रोण मांडून त्याने ते भरले आणि हात जोडून उभा राहिला. टेबलाच्या कडेला बसलेल्या अधिकारी बाईंनी एक द्रोण उचललाही. कारकून त्यांच्या कानाशी वाकला. त्यांनी हसून द्रोण खाली ठेवला आणि नमस्कार केला. द्रोणांच्या टाक्यांतून पाणी झिरपू लागलं, तशी कारकुनाने नोंदवही बाजूला ओढली.

"सायबांना बर्फ लागतो वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. थोडे लोक हसले. तुराम तसाच उभा होता. अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

जेमाने माईक ओढून घेतला आणि झऱ्याचं नाव घेतलं. एकदा घेतलं, मग कारकुनाला लिहिता यावं म्हणून पुन्हा सावकाश. जागा सांगितली: शाळेपासून ईशान्येला एक हजार तीनशे चाळीस मीटर, तीन जांभळांखाली. मांडवात चारशे माणसं होती.

तुरामने तिन्ही द्रोण मातीत ओतले. तिच्या शेजारून जाताना तो थांबला.

"आता तिथे पाणी भरायला येऊ नकोस, पोरी."

सुनावणीचं इतिवृत्त पाच आठवड्यांनी आलं. मुद्दा सत्तावीस: एका तरुणीने पाण्याविषयी चिंता व्यक्त केली, कंपनी दोन हातपंप बसवून देईल. नाव नव्हतं, जागा नव्हती. झरे शून्यच होते. तिने तीन हरकती पाठवल्या. तिन्हींच्या पोचपावत्या आल्या.

मोजायला ती जात राहिली. बादली भरली की पाणी तिथेच परत ओती. झऱ्यावर बायका असल्या, तर हंडे उचलून जांभळाखाली उभ्या राहत आणि ती वाटेला लागेपर्यंत आपसातही बोलत नसत. दुसऱ्या वर्षी सुरुंग सुरू झाले. आटलेले तीन झरे तिने वहीतून खोडले.

तिसऱ्या चैत्रातल्या पहिल्या रविवारी तिने चौथ्या झऱ्यावर सकाळी सात वाजता बादली लावली. ती आठ वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी भरली.