गळका व्हॉल्व्ह

अनिरुद्धरावांना गळती खपत नसे. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून तीस वर्षं काढलेली. भिंतीला ओल दिसली की त्यांना जेवण गोड लागायचं नाही. घरातला तांब्याचा बंब त्यांनी निवृत्तीनंतरही स्वतःच सांभाळला. राख उपसायची, मधल्या नळीतली काजळी काढायची, चिंच लावून अंग घासायचं. तोटीतून थेंब आला की त्याच दिवशी डाग द्यायचा. बंब गळतो म्हणजे बंब बिघडला, एवढं सरळ होतं ते.

पंच्याण्णव साली सरपण मिळेनासं झालं आणि तंजावरातल्या त्यांच्या घरी विजेचा गीझर आला. महिनाभरात त्याच्या खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकू लागलं. अनिरुद्धराव स्टुलावर चढले आणि त्यांनी व्हॉल्व्हच्या तोंडाला सुताची दोरी गुंडाळून लोखंडी प्लग घट्ट बसवला. ठिबकणं थांबलं. "बघितलंस?" ते बायकोला, वरलक्ष्मीला म्हणाले. "मेकॅनिक कशाला लागतो?"

पुढे चार महिने काही झालं नाही. मग एका शुक्रवारी वरलक्ष्मी डोक्याला तेल लावून न्हाणीघरात गेली आणि लगेच बाहेर आली.

"अहो, आत काहीतरी खडखडतंय. नळ उघडला तर पाणी कमी नि वाफच जास्त. मी बटण बंद केलंय."

"पाणी तापलं की आवाज होणारच."

"असा नाही होत. सुब्रमण्यम मेकॅनिकला बोलवा. तोवर मी आत पाऊल टाकणार नाही."

ती तशीच तेलकट केसांनी ओसरीवर बसून राहिली. अनिरुद्धराव कुरकुरत कोपऱ्यावरच्या दुकानातून सुब्रमण्यमला घेऊन आले.

सुब्रमण्यमने गीझरला हातही लावला नाही. आधी मेन स्विच पाडला, गरम पाण्याचा नळ जरासा उघडा ठेवला आणि तासभर थांबला. टाकी निवल्यावर त्याने खालचं झाकण काढलं. कॉइलवर बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर चढला होता.

"हा आवाज ह्या थराचा," तो तमिळमध्ये म्हणाला. "दर चार-सहा महिन्यांनी काढायला हवा. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. थर्मोस्टॅट चिकटलाय. पाणी उकळलं तरी वीज तोडत नव्हता." मग त्याचा हात प्लगवर थांबला. "हे कोणी केलं, सार?"

वरलक्ष्मी नवऱ्याकडे न पाहता पदराने हात पुसत राहिली.

"मी," अनिरुद्धराव म्हणाले. "गळत होता."

"पाणी तापलं की फुगतं, सार. बंबाचं तोंड उघडं, त्यातली वाफ निघून जाते. ही टाकी बंद. फुगलेलं पाणी ह्याच वाटेनं बाहेर येतं. थेंबथेंब पडत होतं तोवर घाबरायचं कारण नव्हतं. धार लागली असती तर मला बोलवायचं. वाट बुजवायची नाही. अम्मांनी बटण बंद केलं नसतं, तर टाकी फुटली असती. ही भिंतसुद्धा राहिली नसती."

अनिरुद्धरावांनी भिंतीकडे पाहिलं. पलीकडे स्वयंपाकघर होतं. आणि एकदम त्यांना आठवलं. गेल्या महिन्यात समोरच्या वेंकटरावांकडेही व्हॉल्व्ह ठिबकत होता. "तुमच्याइतकं जाणणारा माणूस नाही," असं म्हणून वेंकटरावांनी त्यांना कॉफी पाजली होती, आणि त्यांनी तिथेही प्लग ठोकला होता.

ते अनवाणीच रस्ता ओलांडून धावले. सुब्रमण्यम पान्हा घेऊन मागोमाग.

वेंकटरावांची सून रंजना लेकीला न्हाऊ घालायला निघाली होती. गीझरचा लाल दिवा लागलेला.

"बंद कर! मेन बंद कर आधी!" अनिरुद्धराव दारातूनच ओरडले. रंजनाने पोरीला कडेवर उचललं आणि स्विच पाडला.

वेंकटराव पेपर घेऊन बाहेर आले. आता अनिरुद्धरावांना काहीही सांगता आलं असतं. वायरिंगचा दोष, नाहीतर उगाच खबरदारी. सुब्रमण्यम त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"माझी चूक झाली, वेंकटराव," अनिरुद्धराव म्हणाले. "मी बसवलेला प्लग घातक आहे. मला ह्यातलं कळत नव्हतं. कळतं असं वाटत होतं."

वेंकटरावांनी पेपरची घडी घातली. "पोर रोज तिथंच न्हाते," एवढंच म्हणाले, आणि आत गेले.

दोन्ही गीझरना नवे व्हॉल्व्ह लागले, अनिरुद्धरावांच्या गीझरला थर्मोस्टॅटही. आठवडाभर वेंकटराव संध्याकाळी फिरायला एकटेच गेले. अनिरुद्धरावांनी ओसरीवरून त्यांना जाताना पाहिलं, हाक मात्र मारली नाही. ती मारायचा हक्क आपला नाही, असं त्यांना वाटलं.

नवव्या दिवशी वेंकटराव दाराशी थांबले.

"व्हॉल्व्ह ठिबकतोय," ते म्हणाले. "किती ठिबकलेला चालतो?"

"नक्की मला सांगता येणार नाही," अनिरुद्धराव चपला शोधत म्हणाले. "चला, सुब्रमण्यमला विचारून येऊ."