शहापूरची दुतोंडी करवत

शहापूरला हायवेच्या कडेला नंदलालच्या कोसा रेशमाच्या लुगड्यांच्या दुकानाची दर्शनी भिंत संघपाल मिस्त्रीनं बांधली, आणि तेव्हापासून म्हणे दूर कारध्याच्या म्हशीसुद्धा वैनगंगेत तिकडं तोंड करूनच बसतात. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा.

भिंत म्हणजे तीस फुटी घडीचं लुगडंच. सिमेंटच्या चुण्या, काठाला लाल करवतीचे दात. खाली चार रोमन खांब, वर कारध्याच्या विहाराला त्यानंच केली होती तशी पिंपळपानी कमान.

"संघपालभाऊ, मले फ्लेक्स नाही पायजे," नंदलाल म्हणाला होता. "साऱ्या हायवेवर हसणारे थोबाडं लटकून राहिले. माहं दुकानच जाहिरात पायजे."

चाळीस वर्षं संघपालनं लोकांच्या सरळ भिंती बांधल्या. त्यांच्याकडं कोणी मान वळवून पाहिलं नव्हतं. हिच्यासाठी ट्रक थांबत होते.

नंदलालची सून कीर्ती नागपुरात आर्किटेक्ट. ती आली आणि टाळ्याच वाजवायला लागली. "काका, हे तर पोस्टमॉडर्न!"

"म्हणजे काय व, बेटा?"

"इमारतच बोलते. थोडं रोमचं, थोडं लेण्यातलं, थोडं आपलं. पुढून लुगडं अन् मागून नुसत्या विटा! काय गंमत केली तुम्ही!"

गंमत? संघपालनं ओळंबा उचलून पुन्हा एकदा भिंतीला लावला.

तेवढ्यात नंदलालची आई गीताबाई आली. साठ वर्षं मागावर बसलेली बाई. तिनं दर्शनी बाजूकडं पाहिलंच नाही, थेट मागं गेली. इकडं लुगडं हातात घेतलं की आधी काठ उलटून बघतात. आडवा धागा नेणाऱ्या तीन धोट्यांनी हातानं गुंतवलेली खरी करवत दोन्ही बाजूंनी सारखी दिसते.

"काहून रे संघपाल," मागून आवाज आला, "हे तर पावरलूमचं निघालं!"

"आई, भिंत हाय ते," नंदलाल म्हणाला.

"लुगडं म्हणूनच बांधली न? मंग उलट दाखव. नाहीतर पत्र्यानं झाक. नकली काठावर आपल्या घरचं नाव नाही लागत."

उद्घाटनाला आठ दिवस होते. पत्रेवाले तासाभरात माप घ्यायला हजर.

"आठ दिवस थांबा, माय," संघपाल म्हणाला.

"काका, मागं कोण पाहते?" कीर्तीनं विचारलं.

"जे पाहतात, त्याइच्यासाठीच त बांधली."

मागून नुसता रंग फासता आला असता. त्यानं एकेक दात फोडून काढला आणि लाल वीट आरपार बसवली. गीताबाई खुर्ची टाकून उन्हात बसली. "धोटा आला... धोटा गेला... अरे, एक घर चुकलास!" चुकलेला दात तो पुन्हा काढायचा. आठव्या दिवशी ओळंबासुद्धा थकून भिंतीला टेकला, पण एकशे सत्तावीस दात पुरे झाले.

उद्घाटनाला पहिली जीप तुमसरची, लग्नाच्या खरेदीची. सात बाया उतरल्या आणि खांबांकडं ढुंकूनही न बघता रांगेनं मागच्या बाजूला गेल्या. संघपालही त्यांच्यामागं गेला. त्या क्षणी हायवेवरचे ट्रकही हॉर्न विसरले म्हणतात. सगळ्यात म्हातारीनं एका दातावर बोट ठेवलं, पुढं येऊन तोच दात शोधला, पुन्हा मागं गेली.

"दोन्हीकून एकच हाय व," ती म्हणाली. "कोनं विणली?"

"यानं," गीताबाई म्हणाली. संघपालच्या दंडाला धरून तिनं त्याला सगळ्यांपुढं उभं केलं, आणि पत्रेवाल्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

जीपमागून आलेला तुमसरचा राईस मिलवाला हे सगळं बघत होता. "मिस्त्रीसाहेब, माही मिल तांदळाच्या दाण्यासारखी बांधून द्या."

संघपालनं फेट्यावरचं सिमेंट झटकलं. "कोणता तांदूळ?"

"चिन्नोर."

"पायलीभर धाडून द्या. शिजवून पाहतो. चिन्नोरच निघाला, तरच पाया खोदतो."