गोड वास

थेंब पडण्याआधी थोडा लांब होतो. वर बारीक मान, खाली फुगलेलं पोट. मग मान तुटते आणि थेंब सुटतो. रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीवर जी लोखंडी पट्टी आवळलेली असते, तिच्या कडेला असे हिरवट थेंब एकामागून एक तयार होत होते आणि खालच्या तापलेल्या लोखंडावर चर्र करून नाहीसे होत होते.

"सापडलं," मी म्हणाले.

"हात लावू नकोस," बाबा म्हणाले. "झाकणालाही नाही."

"नाही लावत. आत दाब आहे म्हणून पाणी अजून उकळलेलं नाही. झाकण काढलं की सगळं एकदम उसळेल."

"तुझी पदवी म्हणते थांब, माझी बोटं म्हणतात थांब. चला, दोघांचं एकदा तरी जमलं."

बाबा शिलाई मशीन दुरुस्त करतात आणि दुरुस्त झालेलं मशीन आपल्या जुन्या पिकअपमधून स्वतः पोचवतात. मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून सोबत आले होते. चढ अर्धा झाला आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला. बाबांनी हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आमच्या अंगावर आली. सपाट जागा दिसताच त्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली.

सोबत येण्याला आणखी एक कारण होतं. आई गेल्यापासून बाबा दुकानावरच्या खोलीत एकटे राहतात. माझ्याकडे राहायला या, हे मी सरळ सांगून पाहिलं, आडून सांगून पाहिलं, नवऱ्याकडून सांगवून पाहिलं. उत्तर एकच: "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. आई म्हणायची, तुझ्या बाबांनी लग्नालाही बघूच म्हटलं होतं, माझ्या वडिलांनी ते हो समजून घेतलं.

बॉनेट उघडं ठेवून आम्ही रस्त्याकडेच्या कठड्यावर बसलो. इंजिन गार होताना बारीक टकटक आवाज करत होतं.

"या कूलंटचा गोड वास तर चढाच्या पायथ्यापासूनच येत होता," मी म्हणाले. "मला वाटलं, तुमच्या खोकल्याच्या गोळ्या."

"त्या कधीच संपल्या."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

मला ते विचित्र वाटलं. मशीनची मोटर जळलेली असेल तर बाबांना ते वासावरून दुकानाच्या दारातच कळायचं. मशीन घेऊन आत येणाऱ्या गिऱ्हाइकाला नमस्काराआधी "मोटर जळाली" ऐकावं लागायचं.

ते उठले, बंपरवर ओघळलेलं हिरवं पाणी बोटावर घेतलं आणि बोट नाकाशी धरलं. डोळे मिटले. बंद दाराला कान लावून कुणी उभं राहावं, तसे उभे राहिले.

"गोड असतो?"

"हो. पाकासारखा. काहीच येत नाही?"

"नाही." त्यांनी बोट फडक्याला पुसलं. "त्या मोठ्या तापानंतर गेला वास. म्हटलं, येईल परत."

"आणि गॅस, बाबा?"

"एकदा दूध उतू जाऊन आच विझली. मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. शेजारची बाई धावत आली, तिनं खिडक्या उघडल्या."

"मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझं बोचकं बांधलं असतंस."

"बांधलंच असतं."

"मग."

इंजिनाची टकटक थांबली तेव्हा बाबांनी नळी दाबून पाहिली. ती मऊ पडली होती, म्हणजे आतला दाब उतरला होता. झाकणावर फडकं ठेवून त्यांनी ते हळू सैल केलं. जरासा सुस्कारा आला, तेवढाच. मी पट्टीचा स्क्रू ढिला करून नळी ओढून काढली. चीर फक्त टोकाशी होती. तेवढा तुकडा मी चाकूने कापला, उरलेली नळी पुरेशी लांब होती. बाबांनी ती पुन्हा बसवून धरली, मी पट्टी आवळली.

"पुरे. मास्तरीणबाई, रबर आहे ते, विद्यार्थ्याचा कान नव्हे."

मी कॅनमधलं पाणी बारीक धारेने ओतू लागले. बाबा नळीवर नजर ठेवून म्हणाले, "वास गेला की चवही जाते. माहीत असेल तुला."

"बरीचशी जाते."

"तुझ्याकडे रोज पानावर बसायचं आणि रोज 'छान झालंय' म्हणायचं. तुझ्या आईसमोर मला एक दिवस असलं खोटं जमलं नाही. तुझ्यासमोर काय जमणार?"

इतके महिने मी त्या 'बघू'ला हट्ट समजत होते. खोली, दुकान, आईच्या वस्तू, अशी कारणं मीच मनाशी जुळवली होती. हे त्यांत नव्हतं.

"बाबा, माझ्या स्वयंपाकाला कुणी छान म्हणत नाही. तुमचे जावई मुकाट जेवतात आणि पाणी जरा जास्त पितात."

"मीठ जास्त?"

"कधी जास्त, कधी कमी. कधी एकाच पानात दोन्ही."

ते बॉनेटखाली मान घालून हसले. मग आत बसून त्यांनी इंजिन चालू केलं. बुडबुडे वर आले, पातळी खाली गेली, मी आणखी पाणी घातलं आणि झाकण लावलं. पट्टीची कड कोरडी राहिली. काटा चढला, मध्याच्या अलीकडे थांबला. मी बॉनेट लावून शेजारी येऊन बसले.

बाबांनी गिअर टाकला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते काचेतून समोर बघत होते.

"दुकान चालूच राहील," ते म्हणाले. "सकाळी जाईन, संध्याकाळी येईन. राहायला मात्र तुझ्याकडे येतो."