जावयाची बादली

बादली मूळची पांढरी होती, हे मिस्त्रींना केवळ तिच्या कडीजवळच्या दोन बोटं जागेवरून ओळखता आलं. आत जे होतं त्याला पाणी म्हणायचं, तर आधी पाण्याची माफी मागावी लागली असती. सकाळपासून जावयाने त्यात स्पंज पिळला होता, थापी धुतली होती, चहाचा कप विसळला होता आणि मघाशी एकदा, इकडेतिकडे पाहून, डावा पायही बुडवून काढला होता. वर साय धरली होती. आता त्याच बादलीतून मग भरून जावयाने तो सांधे भरायच्या मसाल्यात ओतला, तेव्हा मिस्त्रींनी हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

मिस्त्री स्वतः दाराशी एका उपड्या घमेल्यावर बसले होते. चाळीस वर्षं लोकांच्या घरात टाइल्स बसवल्यावर त्यांच्या गुडघ्यांनी त्यांना न विचारता राजीनामा दिला होता. हा दवाखाना दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. बाईंच्या घरचं स्वयंपाकघर मिस्त्रींनीच पंधरा वर्षांपूर्वी केलं होतं आणि त्यातला एक सांधा अजून हलला नव्हता. आता बाईंना दवाखान्याच्या चारही खोल्या नव्याने करायच्या होत्या. गुडघ्यांची हकीकत ऐकल्यावर त्या म्हणाल्या होत्या की जावयाला आधी ही एवढीशी न्हाणी करू दे, तुम्ही बघा, तुम्ही चांगलं म्हणालात की बाकीचं त्याला देऊन टाकते.

म्हणजे चार खोल्या मिस्त्रींच्या जिभेवर ठेवून बाई मोकळ्या झाल्या. त्याच जिभेवर बायकोही येऊन बसली. डबा भरताना तिने ऐकवलं होतं की जावई सहा महिने घरी बसून आहे, पोरगी हल्ली फोनवर हसत नाही, आणि एक शब्द चांगला बोलल्याने कुणाची जीभ झिजत नाही. शिवाय आपलेच दात, आपलेच ओठ.

अडचण एवढीच होती की मिस्त्री पाण्याच्या बाबतीत महाकंजूष होते. बरोबरीचे कारागीर त्यांना थेंबे म्हणत. मसाल्याला पाणी घ्यायचं ते पिण्याचं, आणि घालायचं ते पोराला औषध पाजावं तसं, मोजून. मळून झालं की दहा मिनिटं त्याला एकट्याला सोडायचं, मग पुन्हा हलवायचं, आणि तरीही घट्ट होत गेलं तर खुशाल फेकून द्यायचं. पुसायचा स्पंज असा पिळायचा की त्याला रडावंसं वाटलं तरी थेंब निघू नये.

जावयाचा संप्रदाय वेगळा. त्याच्या मते जगात पाण्याने सुटत नाही असा प्रश्नच नव्हता.

"मामा, बघा कसं सरसर जातंय," तो म्हणाला.

सरसर जातच होतं. सांध्यात जात होतं, सांध्यातून बाहेर जात होतं आणि उतार धरून मोरीच्या जाळीत जात होतं. मध्ये एक फोन आला म्हणून जावई अर्धा तास बाहेर जाऊन आला, तोवर घमेल्यातला उरलेला मसाला घट्ट होऊन बसला होता. जावयाने त्यावर मगभर पाणी मारलं, थापीने बडवलं आणि जिवंत झालं म्हणून समाधान व्यक्त केलं. मिस्त्रींनी मनात म्हटलं, वासाची पर्वा नसेल तर माणसंही अशी जिवंत करता येतील. मग ओघळता स्पंज फिरू लागला. प्रत्येक हाताला सांध्यातला निम्मा माल टाइलवर आणि टाइलवरची घाण सांध्यात, अशी बदली होत होती. शेवटी जावयाने बादलीत उरलेलं सगळं जमिनीवर सपकन ओतलं. जमीन चमकली. ओली जमीन चमकतेच. चिखलही चमकतो.

दोन पेशंटांच्या मधल्या वेळात बाई आल्या. हनुवटीखाली मास्क, हातात मोजे. त्यांनी न्हाणीभर नजर फिरवली, छान दिसतंय म्हणाल्या, आणि मिस्त्रींकडे वळल्या.

"तुम्ही सांगा, मिस्त्री."

मिस्त्रींना एका शब्दाचा जन्मभर तिटकारा होता. गळणाऱ्या अर्ध्या भिंती त्याच शब्दाच्या पायावर उभ्या आहेत, असं ते म्हणत. त्यांनी जावयाकडे पाहिलं. जावई सायीच्या हातांनी घाम पुसत होता.

"चालेल," मिस्त्री म्हणाले, आणि त्या बादलीचा एक घोट आपणच घेतल्यासारखं त्यांचं तोंड झालं.

जावयाने श्वास सोडला. बाईंनी मान हलवली, पण त्या गेल्या नाहीत. त्या सांगू लागल्या की त्यांनाही रोज भुकटी आणि पाणी मळावं लागतं, दातांचे साचे करायला. शिकत असताना एकदा वाटीतला माल घट्ट झाला होता, तो वाया जाऊ नये म्हणून त्यांनी थोडं पाणी घालून वाचवला. साचा दिसायला गुळगुळीत झाला आणि उचलताच त्यातली दाढ मुळापासून तुटून हातात आली. त्यांच्या सरांनी ती दाढ वर्षभर त्यांच्या टेबलावर ठेवायला लावली होती. बाईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि खरी पंचाईत तीच होती. मघाशी दारावरून जाताना त्यांना घमेल्यात मारलेलं ते मगभर पाणी दिसलं होतं, एवढंच.

"तुमच्या कामात पुन्हा पाणी घातलेलं चालतं का हो?" त्यांनी विचारलं. परक्या धंद्यातलं माणूस विचारतं तसं.

"चालतं की, मॅडम," जावई म्हणाला. "हे सिमेंट आहे, ते दात आहेत."

बाई मिस्त्रींकडेच बघत होत्या. मिस्त्रींनी दाराशेजारच्या भिंतीतला, सकाळी भरलेला आणि आता सुकलेला सांधा नखाने ओढला. नखावर पिठी आली. पांढऱ्या मसाल्याची, पण रंग मात्र चहाच्या गाळाचा.

"नाही चालत," ते म्हणाले. "मघाशी मी खोटं बोललो, बाई. टाइल्स त्याने ओळंब्यात, अगदी सरळ बसवल्यात, ते खरं आहे. सांधे वाया गेले. आठ दिवसांत पीठ होऊन झाडूने गोळा करावे लागतील."

जावयाच्या चेहऱ्यावर बादलीचा रंग चढला. "मामा, घरच्या माणसाला असं चारचौघांत..."

"घरचा आहेस म्हणून सकाळपासून गप्प बसलो. परका असतास तर ती बादली तुझ्या डोक्यावर ओतली असती."

बाईंनी हे काम पुन्हा कोण करणार, एवढंच विचारलं.

"तोच करेल," मिस्त्री म्हणाले. "पाणी मी ओतेन."

मग आधी हे परत दाखवा, बाकीच्या खोल्यांचं त्यानंतर बघू, असं म्हणून बाई कुणाची तरी दाढ काढायला निघून गेल्या.

बादली घासायला जावयाला वीस मिनिटं लागली. तळाशी चिकटलेलं अर्धं बिस्किट आणि एक काडेपेटी निघाली. दुपारभर दोघांनी सांधे खरवडले, मिस्त्रींनी गुडघ्यांचा राजीनामा फेटाळून लावत. नंतर एका स्वच्छ भांड्यातून त्यांनी चमच्याने पाणी घातलं आणि भांडं पाठीमागे ठेवलं. मसाला लोण्यासारखा घट्ट झाला. जावयाने रबरी पट्टीने तो दाबायला घेतला आणि तिसऱ्या टाइललाच त्याचा दंड थरथरू लागला.

"मामा, चमचाभर तरी."

"जोर लाव."

उन्हं कलेपर्यंत न्हाणी भरून झाली. चमकत मुळीच नव्हती. मंद, कोरडी, एखाद्या हट्टी म्हातारीसारखी दिसत होती. जावयाने दोन दिवस इथे पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही अशी चिठ्ठी दाराला चिकटवली. मग तो मिस्त्रींकडे पाठ करून हत्यारं आवरू लागला. मिस्त्री उठायला गेले, तर गुडघे जमिनीला चिकटलेले. जावयाने मागून येऊन त्यांच्या काखांत हात घातले आणि त्यांना उचललं. त्या हातांना अजून सकाळच्या बादलीचा वास येत होता. मिस्त्रींनी तोंड फिरवलं, नाक मुठीत धरलं, आणि स्वतःला उचलू दिलं.